रुमालाखालचा आकडा

उदगीर,
१४ डिसेंबर

तीर्थरूप वैजूदादास,

मंजूचे शरणार्थ आणि नमस्कार. इकडे आम्ही सर्व बरे आहोत. माझी मान धरली आहे, पण तिचं कारण पुढे येईलच. तिकडे तुझं पित्त आणि वहिनींचा गुडघा कसा आहे ते सविस्तर कळव. (मागच्या महिन्यात फोनवर तू "सगळं ठीक" म्हणालास, पण तेव्हा तू कंपनीच्या जिन्यात उभा होतास आणि मागून कुणीतरी सारखं "सर, सर" करत होतं, म्हणून ते उत्तर मी धरलेलं नाही.) फोन सोडून पत्र का लिहिते आहे, तर फोनवर मी एकतर ओरडले असते किंवा रडले असते, आणि दोन्हींत मुद्दे सुटतात.

आधी एक खुलासा. तू आता उत्पादन विभागाचा मुख्य झालास, तेव्हा तुला 'तुम्ही' लिहावं का, यावर मी डायरीत पाऊण पान खर्च केलं. शेवटी ठरवलं की तुला 'तू' म्हणायचं आणि तुझ्या कंपनीला 'तुम्ही'. म्हणजे या पत्रात जिथे जिथे 'तुम्ही' येईल तिथला राग तुझ्यावर नाही असं समज. (जिथे 'तू' येईल तिथे आहे की नाही, हे माझंही अजून ठरलेलं नाही.)

तर विषय तुमच्या यंत्राचा. नऊ वर्षांपूर्वी आमच्या गावाबाहेरच्या अंधशाळेला ब्रेल छापायचं यंत्र तूच सवलतीत मिळवून दिलंस, पेढे मीच वाटले आणि "आमच्या मामेभावाच्या कंपनीचं आहे" असं मोंढ्यापासून बसस्टँडपर्यंत मीच सांगत फिरले. ते यंत्र चालू झालं की पत्र्यावर हरभरे ओतल्यासारखा आवाज येतो. मुलं त्याला 'हरभऱ्याची मशीन' म्हणतात. कॉलेजातलं प्रयोगशाळेचं काम आटोपून मी तिथे दर शनिवारी संगणक शिकवायला जाते हे तुला ठाऊक आहे. तिथले गणित-विज्ञानाचे संगमेश्वर सर तुला आठवत असतील. सहाव्या वर्षी डोळे गेलेले, आता पन्नाशी ओलांडलेले, आणि माणूस आला की चपलेच्या आवाजावरून "आज चिडून आलाव वाटतं, मॅडम" म्हणणारे. यंदा त्यांच्याकडे दहावीला तीन मुली आहेत. विज्ञानाच्या पहिल्या भागाचा ब्रेल संच शाळेत एकच आहे, आणि इतक्या वर्षांत इतकी बोटं त्यावरून फिरली आहेत की ठिपके झिजून पानं सपाट झाली आहेत. मी हात लावून पाहिला. विजेच्या धड्यावर तर पापड लाटता येईल. फेब्रुवारीच्या शेवटाला परीक्षा आहे. म्हणजे पुस्तक नव्याने छापायला हवं. ब्रेलमध्ये तीनशे साठ पानं. साधी गोष्ट आहे, असं मला वाटलं.

आता माझा गुन्हा सांगते, कारण तो आधी सांगितला नाही तर पुढचा सगळा संताप खोटा ठरेल. सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदन झाल्यावर मी शाळेत भाषण केलं. निजामाच्या राजवटीतून आपण मुक्त झालो, आजपासून शाळेचे संगणकही मुक्त, असं काहीसं. (डायरीत भाषणाचा मसुदा आहे, वाचवत नाही.) आणि भाषण संपल्यावर सर्वांसमक्ष शाळेचा जुना, रडत-कुथत चालणारा संगणक पुसून त्यावर मुक्त प्रणाली घातली. ती फुकट आहे म्हणून नव्हे; ती आतून कशी बनली आहे हे कुणालाही पाहता येतं, सुधारता येतं, शेजाऱ्याला देता येतं, म्हणून. मराठी मजकुराचं ब्रेल करणारा प्रोग्रामही आमच्यासारख्याच गावोगावच्या लोकांनी मिळून लिहिलेला आहे, त्यातली जोडाक्षरं माझी. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांनी माझ्या तीन वर्षांच्या संध्याकाळी खाल्ल्या आहेत. तो दिवस मला फार थोर वाटला. टाळ्यांना सुरुवात संगमेश्वर सरांनी केली. दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही विज्ञानाचं पुस्तक छापायला घेतलं, तेव्हा कळलं की हरभऱ्याची मशीन फक्त त्या जुन्या संगणकातल्या, तुम्ही दिलेल्या प्रोग्रामचं ऐकत होती, आणि तो मी टाळ्यांच्या गजरात पुसला होता.

त्याची सीडी होती. शाळेच्या स्वयंपाकीण सिद्धम्मा मावशींनी ती पपईच्या झाडाला पाखरं उडवायला बांधली होती. चार वर्षं. मी शिडी लावून ती काढून आणली, पुसली, संगणकात घातली. संगणकाने ती दोनदा गरगर फिरवली आणि बाहेर थुंकली. (मावशी म्हणाल्या, "नुसती चकाकती, आन् चिमण्या तिलाबी भेत न्हाईत.")

हरकत नाही, कंपनी आहे की, असं म्हणून मी तुमच्या ग्राहकसेवेला पहिला ईमेल लिहिला. दादा, मी काय मागितलं ते नीट वाच. यंत्र कसं बनवता ते मी विचारलं नाही. सुया कुठून आणता, पत्रा किती जाड, यातलं काही नको. फक्त त्याला हाक कशी मारायची एवढंच विचारलं. 'एक ठिपका उठव' हे त्याला कोणत्या आकड्याने सांगायचं, 'पुढची ओळ' कोणत्या, 'पान संपलं' कोणत्या. दोन पानांचा कागद पुरतो. बाकी सगळं आम्ही लिहून घेऊ, तुमचा एक पैसा खर्च होणार नाही, उलट तुमचं यंत्र देशातल्या कुठल्याही मुक्त संगणकावर चालेल. मला वाटलं होतं तुम्ही आभार मानाल. मी तर उत्तराचं उत्तरही लिहून ठेवलं होतं: "आभार कसले, कर्तव्यच."

तुमचं उत्तर एका तासात आलं. त्यात लिहिलं होतं की माझा संवाद तुमच्यासाठी मोलाचा आहे, हे मॉडेल आता बंद आहे, त्याचा प्रोग्राम संकेतस्थळावरून काढला आहे, मागितलेली माहिती गोपनीय आहे आणि नवं मॉडेल चार लाख नव्वद हजारांना आहे. खाली विचारलं होतं की या उत्तराने तुमचं समाधान झालं का, तारे द्या. मी विचार केला की समाधान झालं नाही हे खरं, पण तासाभरात लिहिलं आणि शुद्धलेखन बरं होतं, तेव्हा तीन तारे देणं न्यायाचं. दिले. त्यावर तुमचं उत्तर आलं की तीन तारे पाहून आम्हाला वाईट वाटलं, आम्ही कुठे कमी पडलो ते कळवा. मी दीड पान कळवलं. त्याला उत्तर आलं की माझा संवाद तुमच्यासाठी मोलाचा आहे. असे सात झाले. मग एका बाईंचा फोन आला. आवाज इतका गोड की मीच दोनदा क्षमा मागितली. मी म्हटलं, बाई, नेमकी कोणती माहिती गोपनीय आहे तेवढं तरी सांगा, म्हणजे उरलेली मागता येईल. त्या कुणाला तरी विचारून आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तेही गोपनीय आहे."

दादा, आपल्या आजोबांचा, अज्जांचा, रेडिओ आठवतो का? त्याच्या पाठीमागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला सगळ्या तारांचा नकाशा चिकटवलेला होता. ज्याने बनवला त्याने बिघडेल हे धरून चाललं होतं आणि उघडणाऱ्या माणसाचा मान ठेवला होता. भोकरच्या पलीकडच्या कुठल्याशा खेड्यातला न शिकलेला मिस्तरी तो पुठ्ठा पाहून रेडिओ दुरुस्त करायचा. आज मी एम.एस्सी. होऊन, विकत घेतलेल्या, पावती असलेल्या, शाळेच्या दप्तरी नोंदलेल्या यंत्रासमोर उभी आहे, आणि मला त्याच्याशी बोलायची परवानगी नाही! घर विकलं आणि कडीला हात लावायचा नाही म्हणाले, असं झालं हे. आणि ज्यांच्यासाठी बनवलंत, त्यांना आधीच जग अर्धं झाकलेलं मिळालंय. त्यांच्याच यंत्रावर तुम्ही आणखी एक झाकण घातलंत. हे वाक्य मी डायरीत लिहून खोडलं होतं, भाषण वाटतं म्हणून. इथे राहू देते.

तुमच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही एक करारपत्र पाठवलंत. मी सही केली तर माहिती मिळेल. पण ती मी कुणाला सांगायची नाही, तिच्यावर लिहिलेला प्रोग्राम कुणाला दाखवायचा नाही आणि तो फक्त आमच्या शाळेत चालवायचा. म्हणजे आमच्या तीन मुलींना पुस्तक, आणि देगलूरच्या, नांदेडच्या शाळांत हेच यंत्र आहे त्यांचं उद्या जुना संगणक गेल्यावर जे होईल ते होवो. मी दोन दिवस झोपले नाही. पेनचं टोपण काढलं होतं, दादा. मग सरांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, माझ्या गुरुजींनी मला ब्रेल शिकवताना म्हणले असते, की संग्या, तू वाच, पण कुणाला शिकवू नको, तर आज ह्या पोरी कुठं असत्या? मला विचारता म्हणून सांगतो. तुम्हाला करायचंय ते करा, मी राग धरत न्हाई." मी सही केली नाही. हे वाचून तुला माझं कौतुक वाटेल, म्हणून खरं तेही लिहिते. सरांचं बोलणं मनात होतंच, पण करारात शेवटी 'वाद झाल्यास न्यायालय पुणे' असं होतं. तत्त्व किती आणि पुण्याच्या न्यायालयाची भीती किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

मग उरला एकच मार्ग. देगलूरच्या शाळेत तेच यंत्र, तोच जुना संगणक आणि त्यातला तुमचा प्रोग्राम जिवंत होता. (तो उचलून आणता येत नाही, प्रत्येक प्रोग्राम त्या त्या यंत्राच्या नंबराला बांधलाय तुम्ही. वासराला दाव्याने बांधावं तसा.) पण संगणक आणि यंत्र तारेवरून काय बोलतात ते टिपून घेणारे प्रोग्राम असतात. आपण कुणाच्या घरात शिरायचं नाही, फक्त दोघांचं बोलणं चालू असताना जवळ बसायचं आणि लिहून घ्यायचं. मी आणि संगमेश्वर सर एस.टी.ने देगलूरला गेलो.

तिथला संगणक लिपिक शेषेराव यांच्या ताब्यात आहे. संगणकावर स्वच्छ धुतलेला टॉवेल, टॉवेलावर झेंडूचं फूल. मी माझा पेन ड्राइव्ह बाहेर काढताच ते खुर्ची ओढून मध्ये बसले. "बाई, हात लावायचा न्हाई. तुम्ही उदगीरवाले लई हुशार. तुमच्या मशीनचं काय केलाव ते आलंय आमच्या कानावर." (खरंच होतं.) सर म्हणाले, "शेषेराव, मी आंधळा माणूस. मी काय बघणार तुमचं?" त्यावर शेषेराव म्हणाले, "सर, आंधळेच लई बघतेत. आमच्या शाळेत चाळीस हायेत, मला नका सांगू." यंत्र चालू करताना त्यांनी आम्हा दोघांना व्हरांड्यात काढलं आणि दार लावून घेतलं. दोन मिनिटांनी आत हरभरे पडू लागले. सर माझ्या कानाशी म्हणाले, "तीन खटके, मग डाव्या बाजूला एक चापट, तवा चालू झाली मशीन." शेषेरावांनी दार उघडल्यावर सरांनी त्यांना तेच सांगितलं. शेषेरावांचा चेहरा असा झाला, जणू कुणीतरी भरचौकात त्यांच्या धोतराला हात घातला.

पण ते माणूस म्हणून वाईट नाहीत. चहा मागवला, आणि चहा पिताना स्वतःच बोलले, "खरं सांगू का सर, ही चापट मला ठाऊक हाय म्हणून मला विचारतेत. न्हाई तर लिपिकाला कोण चहा पाजतंय?" सरांनी बशी खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "रिटायर कधी?" शेषेराव म्हणाले, पुढच्या वर्षी मे. मग त्यांनी कप अर्ध्यावरच खाली ठेवला. नंतर शेषेरावांनी उठून फूल काढलं, टॉवेल काढला, घडी केला, आणि म्हणाले, "लावा तुमचं काय लावायचं ते. पण टॉवेल पुन्हा घालून द्यायचा." दादा, तुमच्या सात ईमेलांना जे जमलं नाही ते देगलूरच्या एका लिपिकाला अर्ध्या कपात जमलं.

आम्ही चाचणीची चाळीस पानं छापली (पुस्तकच तिथे छापलं असतं, पण ते यंत्र त्यांच्याच चाळीस मुलांना पुरत नाही) आणि तारेवरचं सगळं बोलणं घेऊन आलो. आकडे, नुसते आकडे, एकाला एक लागून, हजारो. कोणता आकडा कशासाठी ते कुठेच लिहिलेलं नाही. मग एकोणीस संध्याकाळी आम्ही असं केलं: सर छापलेल्या पानावरून बोट फिरवत ठिपके सांगायचे, "एक, दोन, पाच", आणि मी मान खाली घालून यादीतला आकडा शोधायची. (मानेचं कारण ते.) पहिली ओळ जुळली. मी सिद्धम्मा मावशींना शिरा करायला सांगितला. दुसरी ओळ जुळेना. तिसरी जुळली, चौथी नाही. शिरा गार झाला. सहा दिवस मी जोडाक्षरांना दोष दिला, मग स्वतःला, मग अर्थात तुम्हाला. सातव्या दिवशी सर देगलूरला परत जायचं म्हणाले, एकटेच गेले, शेषेरावांकडून एक पान छापून घेतलं आणि छापताना यंत्राच्या झाकणावर तळहात ठेवून बसले. आल्यावर हसतच म्हणाले, "मॅडम, हे तिफणीवानी चालून राहिलंय. जाताना बी पेरतंय, आन् बांधावरून वळून येताना बी पेरतंय. तुम्ही दर ओळीला बांधावरून रिकामे परत येऊन राहिलाव." बरोबर! एक ओळ डावीकडून उजवीकडे, पुढची उजवीकडून डावीकडे. मी एकाआड एक ओळी उलट्या वाचल्या आणि सगळ्या जुळल्या. तुमच्या पुण्याच्या कचेरीत ज्यांनी हे गोपनीय ठरवलं, त्यांना सांग की उदगीर तालुक्यातला प्रत्येक बैल ही गोष्ट जाणतो.

हे सगळं मी एका वहीत उतरवते आहे, पुढे कुणालाही मोफत देण्यासाठी. तिच्यात तीन रकाने आहेत. आकडा, त्याचा अर्थ, आणि 'हे कसं कळलं'. तिसरा रकाना मुद्दाम ठेवला. उद्या तुमच्या वकिलांनी विचारलं की चोरलं का, तर दर ओळीपुढे उत्तर हवं, आणि ते खरं हवं. 'सरांच्या बोटाला लागलं', 'देगलूर, पान ११', 'मंजूची चूक, त्यावरून' (अशा बावीस ओळी आहेत).

आणि आता शेवटची रड. यंत्र छापतं, दादा! आपल्या मुक्त संगणकावरून, माझ्या जोडाक्षरांसकट, एक पान सुंदर छापतं. मग लाल दिवा लावून रुसून बसतं. दर पानाच्या शेवटी तुमचा प्रोग्राम त्याला एक आकडा सांगतो, प्रत्येक पानाला वेगळा. पानात काय आहे त्यावरून तो कसा तरी काढलेला आहे, आणि कसा ते कळत नाही. बेरीज केली, वजाबाकी केली, उलटा केला, तिफण केली. तो छपाईसाठी नाही, ठिपक्यांसाठी नाही. तो फक्त 'मी कंपनीचाच माणूस आहे' हे सांगण्यासाठी आहे. तो मिळाला नाही की यंत्र बंद करायचं, दहा मोजायचे, चालू करायचं, आणि दुसरं पान. सर स्वतः बटणावर हात ठेवून बसतात आणि कानडीत मोजतात: ओंदु, एरडु, मूरु. एकसष्टाव्या पानाला बटण मोडलं. आता तुमच्या यंत्राला पंख्याचं बटण आहे. बटण बसवणाऱ्या मिस्तरीने आत पाहून सांगितलं की असं बंद-चालू करत राहिलात तर अजून पन्नासेक पानांत आतला बोर्ड जळेल. उरली दोनशे नव्व्याण्णव. बरोबर विजेच्या धड्याच्या तोंडावर येऊन थांबलोय. त्या तीन मुली रोज विचारत नाहीत. व्हरांड्यात हरभऱ्यांचा आवाज येतो का ते ऐकतात आणि वर्गात जातात. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

फार लिहिलं. तुझ्यावर लोभ आहे तसा आहे. तुझा माझ्यावरचा या पत्राने कमी झाला तर तसं स्पष्ट कळव, तारे देऊ नकोस. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझी,
मंजुश्री

ता. क. : लातूरला बारा जानेवारीला शिल्पाच्या लग्नाला तू येणारच आहेस. सख्ख्या पुतणीचं लग्न आहे, न येऊन सांगतोस कुणाला. तर एक विचारायचं होतं. अज्जा मोंढ्यात धान्याचा भाव कसा करायचे आठवतं ना? समोरच्याचा हात हातात घ्यायचा, वर रुमाल टाकायचा, आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती पन्नास माणसं, आणि भाव फक्त दोघांना ठाऊक. ती बोटं अज्जांनी तुला शिकवली, मला नाही. "पोरीला काय करायचंय" म्हणाले. मी नऊ वर्षांची होते आणि तुझ्या मागे मागे फिरत होते. मग तू हावगीस्वामींच्या मठामागे मला बसवून, स्वतःच्या शाळेच्या टॉवेलाखाली सगळी बोटं शिकवलीस. एक बोट म्हणजे एक, मूठ म्हणजे पाच, सगळं. अज्जांना कळलं असतं तर तुझी पाठ सोलली असती. तरी शिकवलीस. मला अजून सगळी येतात. तो पानाच्या शेवटचा आकडा कसा काढायचा हे तुला ठाऊक असणार. मी कागद मागत नाही, गुणायचे-भागायचे दोन-तीन आकडे बोटांत मावतात. तुझी नोकरी जावी असं स्वप्नातही येत नाही. फक्त मांडवात माझ्या शेजारी पंगतीला बस. आणि रुमाल मोठा आण.

ता. क. २ : वरचं लिहून झाल्यावर मी चहा केला, आणि चहा पिता पिता मला शेषेराव आठवले. आमच्या कॉलेजात उज्ज्वला नावाची माझी नवी सहकारी आहे. प्रयोगशाळेतले बारा संगणक कोणत्या क्रमाने चालू करायचे (सातवा आधी, नाही तर वीज जाते) हे तिने मला ऑगस्टपासून तीनदा विचारलं आहे. मी तिन्ही वेळा म्हटलं, "कळेल हळूहळू." देगलूरला मी दोन दिवस होते तेव्हा प्रयोगशाळा बंद राहिली आणि प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुमच्याशिवाय काही चालत नाही." मला ते फार गोड लागलं होतं, डायरीत तारीख आहे. आजच बसून सगळं लिहून काढलं, सव्वा पान झालं. उद्या तिला देणार. तेव्हा वर तुम्हाला जे जे म्हटलं त्यातलं थोडं माझ्याकडे वळवून वाच. सगळं नको. चार लाख नव्वद हजार मी कुणाला मागितलेले नाहीत.

ता. क. ३ : पत्र टाकायच्या आधी संगमेश्वर सरांना वाचून दाखवलं, कारण त्यांचं नाव इतक्या वेळा आलं आहे आणि त्यांना न विचारता ते बरं नव्हे. रुमालाशी आल्यावर मीच अडखळले. म्हटलं, सर, हे खोडते. आपण वहीत 'हे कसं कळलं' असा रकाना ठेवलाय. तिथे काय लिहू, रुमालाखाली? मग आपल्यात आणि कंपनीत फरक काय? सर बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "साहेबांना म्हणावं, रुमाल आणू नका. मलाबी न्या लग्नाला. जेवण झाल्यावर हात धुवायच्या निमित्तानं साहेबांनी माझा हात धरून नळापर्यंत न्यावा. आंधळ्याचा हात कुणीबी धरतंय, त्याला रुमाल लागत न्हाई. वाटेत बोटांनी जे सांगायचं ते सांगावं. बोटं मी तुमच्याकडून शिकून घेतो. पुढं कोर्टानं विचारलं, तर शपथेवर सांगतो: जजसाहेब, कुणी दिलं ते मी पाहिलं न्हाई."

तेव्हा खोडलं नाही. वहीतला तो रकानाही भरून ठेवला आहे, आणि तो पूर्ण खरा आहे: 'सरांच्या बोटाला लागलं.' तेवढा शेजारचा आकड्याचा रकाना रिकामा आहे. बारा तारखेला सर माझ्यासोबत येतील. ते डावा हात पुढे करतात.